राजीनाम्यावर सही करू नका!

बाजाराच्या दिवशी औंढ्यातल्या आमच्या कार्यालयात एक बाई आली. पिशवीतून तिने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक टाईप केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. नवरा एका अनुदानित शाळेत शिपाई. सेवा बावीस वर्षांची. मधुमेहात पायाची जखम चिघळली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. चार महिने रजेत गेले. रजा संपत आली तेव्हा संस्थेचा माणूस घरी आला, चहा प्यायला, विचारपूस केली आणि जाताना हा कागद ठेवून गेला. मजकूर दोन ओळींचा होता. प्रकृती ठीक राहत नसल्यामुळे आपण स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहोत, एवढेच. खाली सहीची जागा मोकळी आणि तारखेची जागाही मोकळी.

"जयभीम वकीलसाहेब," ती म्हणाली, "ते म्हणतात सही करा, म्हणजे पेन्शनचं काम लवकर होईल. करावी का सही?"

आम्ही विचारले, "ताई, त्यांनी सही केली आहे का अजून?"

"नाही."

"मग त्यांची नोकरी अजून आहे."

वाचकहो, आजचा हा लेख त्या मोकळ्या जागेबद्दल आहे. वकिलीच्या इतक्या वर्षांत आम्ही एक गोष्ट वारंवार पाहिली. कामावर असताना ज्याचा हात गेला, पाय गेला, डोळे गेले, ज्याच्या मनाचा तोल गेला, त्याला नोकरीवरून काढून टाकण्याचा आदेश सहसा कोणी काढत नाही. आदेश काढला तर कोर्टात उत्तर द्यावे लागते, हे संस्थाचालकाला आणि साहेबाला पक्के ठाऊक असते. म्हणून आदेशाऐवजी सहानुभूती येते. "तुम्हाला त्रास कशाला," "आता आराम करा," "मुलाचं काहीतरी बघू" असे म्हणत कागद पुढे सरकवला जातो. म्हणजे कायदा जी नोकरी हिरावून घेऊ देत नाही, ती आपल्याच माणसाच्या सहीने काढून घेतली जाते.

शिवाय ती बाई जी पेन्शन लवकर मिळेल म्हणून आली होती, तीच या सहीने बुडाली असती. निवृत्ती वेगळी आणि राजीनामा वेगळा. महाराष्ट्राच्या निवृत्तिवेतन नियमांत राजीनामा दिला की मागची सेवाच बाद धरली जाते. बावीस वर्षे घंटा वाजवली, वर्ग झाडले, कार्यालयाची कुलपे सांभाळली, ते सगळे एका सहीने पुसले गेले असते.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. अपंगांच्या समान संधीचा पहिला कायदा १९९५ साली झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ४७ मध्ये स्पष्ट लिहिले होते की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही आणि त्याचा दर्जाही कमी करता येणार नाही. या कलमाची कसोटी कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात लागली. कुणाल सिंग हे विशेष सेवा ब्युरोत शिपाई होते. त्यांचा डावा पाय कापावा लागला आणि वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवून त्यांना घरी पाठवण्यात आले. सरकारचे म्हणणे असे की त्यांना अपात्रतेची पेन्शन दिली आहे, आता आणखी काय हवे? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००३ मध्ये सांगितले की पेन्शन दिली म्हणून कलम ४७ चे संरक्षण संपत नाही. हे कलम बंधनकारक आहे, मालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही.

पुढे संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार आला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. त्यानुसार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. जुन्या कायद्यातले कलम ४७ आता नव्या कायद्यात कलम २०, पोटकलम ४ म्हणून आले आहे. त्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्या आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हव्यात. पहिली पायरी अशी की सेवेत असताना अपंगत्व आले तर काढायचे नाही आणि पदावनत करायचे नाही. दुसरी, जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचे. तिसरी, असे दुसरे पदच नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत त्यावर ठेवायचे. या तीन पायऱ्यांत "घरी पाठवा" ही पायरी कुठेही नाही.

संस्थाचालक लगेच म्हणतात, "आमची संस्था खाजगी आहे, हा कायदा सरकारी लोकांसाठी." हे धादांत खोटे आहे. या कायद्यात सरकारी आस्थापनेची व्याख्या फार रुंद आहे. सरकारचे विभाग, महामंडळे, जिल्हा परिषद, नगरपंचायत, ग्रामपंचायत आणि सरकारच्या मालकीच्या कंपन्या त्यात येतातच, पण सरकारकडून अनुदान घेणारी संस्थाही त्यात येते. शिपायाचा पगार शासनाच्या तिजोरीतून येतो आणि कायदा लागू करायची वेळ आली की संस्था खाजगी होते, हा न्याय कुठला? मराठवाड्यात आपल्या समाजातल्या पहिल्या पिढीच्या नोकरदारांपैकी कितीतरी लोक अशाच अनुदानित शाळा-महाविद्यालयांत लागलेले आहेत. त्यांच्यासाठी ही व्याख्या फार मोलाची आहे.

आता दुसरा मुद्दा. समजा नोकरी राहिली, पण काम कसे करायचे? या शिपायाला सांगण्यात आले होते की कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे, तुम्ही जिना कसा चढणार? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण कायदा हाच प्रश्न उलटा विचारतो. या माणसासाठी एक टेबल-खुर्ची खाली का आणता येत नाही? २०१६ च्या कायद्यात यालाच वाजवी सोय म्हटले आहे. म्हणजे असा योग्य आणि आवश्यक बदल की ज्याचा बोजा आस्थापनेवर अवाजवी पडत नाही आणि ज्यामुळे अपंग माणूस इतरांच्या बरोबरीने काम करू शकतो. प्रत्येक सरकारी आस्थापनेने ही सोय केलीच पाहिजे, असे कलम २० सांगते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या निकालात याहून पुढचे पाऊल टाकले. वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव आहे, असे न्यायालयाने म्हटले.

आमच्या औंढ्याच्या नागनाथ मंदिराची एक दंतकथा सर्वांना माहीत आहे. नामदेवांना कीर्तनासाठी समोर उभे राहू दिले नाही, मागे जायला सांगितले. ते मागे गेले आणि देवळानेच त्यांच्याकडे तोंड फिरवले. चमत्कारावर आमचा विश्वास नाही, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. पण ही कथा ज्या लोकांनी रचली आणि शेकडो वर्षे सांगितली, त्यांच्या मनात काय होते ते आम्हाला कळते. ज्याला जागा नाकारली त्याने हात जोडून बदलायचे नाही, जागा नाकारणाऱ्या वास्तूने वळायचे. दगडाची वास्तू वळत नाही, पण कायद्याने शाळा, कचेरी आणि डेपो वळवता येतात. वाजवी सोय याचा अर्थ एवढाच.

वळायला तयार नसलेली वास्तू किती मोठी असू शकते याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. २०१६ साली त्या संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि त्यांना भारतीय रेल्वे लेखा सेवा मिळाली. पण पूर्ण अंध असल्याच्या कारणावरून रेल्वेने त्यांना घेतले नाही. त्यांनी पुन्हा अभ्यास केला, पुढच्या प्रयत्नात देशात १२४ वा क्रमांक मिळवला आणि त्या भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली. वर्तमानपत्रांनी त्यांच्या जिद्दीवर रकाने भरले, ते योग्यच झाले. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. हिशेब तपासण्याच्या नोकरीला ज्यांनी त्यांना अपात्र ठरवले, त्यांची अपात्रता कोणी तपासली? जिद्दीच्या कथा सांगितल्या की भेदभाव करणारा सुटतो. सगळ्यांनाच दुसऱ्यांदा परीक्षा देता येत नाही. आमच्या शिपायाला तर नाहीच नाही.

एसटीच्या चालकांनाही हे लागू पडते. तेलंगणाच्या परिवहन महामंडळातील एका चालकाला रंग ओळखता येत नाहीत म्हणून सेवेतून काढले आणि दुसरे काम दिले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामंडळाला दोष दिला. पर्यायी काम शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्नच झाला नाही, असे सांगून त्याला योग्य पदावर घ्यायला लावले. हा निकाल मुख्यतः महामंडळ आणि कामगार संघटना यांच्यातल्या १९७९ च्या करारावर उभा आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. संघटनेने पंचेचाळीस वर्षांपूर्वी करारात लिहून घेतलेली एक ओळ आज एका कामगाराच्या कामी आली. मानसिक आजाराच्या बाबतीतही डिसेंबर २०२१ मध्ये रविंदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या अधिकाऱ्याला संरक्षण मिळाले. अपंगत्व डोळ्यांना दिसते तेवढेच नसते, हे त्या निकालाने सांगितले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण सध्या त्याचा फायदा घेतला जात आहे. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणाने राज्यात खळबळ उडाली आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांबद्दल संशयाचे वातावरण तयार झाले. त्यानंतर कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू झाली. बोगस प्रमाणपत्र काढणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. त्यासाठी २०१६ च्या कायद्यात कलम ९१ आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. खोट्या माणसाने खाल्लेली जागा खऱ्या अपंगाची असते. जातीच्या बोगस दाखल्यांनी आपल्या जागा कशा लुटल्या गेल्या हे आपण पाहिले आहे. पण त्याच अनुभवाने आपल्याला दुसरी गोष्टही शिकवली. बोगस माणूस वशिल्याने सुटतो आणि पडताळणीच्या रांगेत खरा माणूस वर्षानुवर्षे उभा राहतो.

म्हणून हे नीट समजून घ्या. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. कलम ३४ प्रमाणे सरकारी नोकरीत जे चार टक्के आरक्षण आहे, ते किमान चाळीस टक्के अपंगत्व असलेल्यांना मिळते. पण भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोय यांसाठी चाळीस टक्क्यांची अट नाही. विकास कुमार निकालाने हे स्पष्ट केले आहे. ज्याचे प्रमाण फेरतपासणीत तीस टक्के निघाले आणि ज्याने काहीही खोटे केले नाही, त्याचा अपंग म्हणून असलेला प्रत्येक हक्क संपला, असे कोणी सांगत असेल तर ते त्याच्याकडून लेखी मागा.

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. अपंगत्व जात पाहून येते का? २०११ च्या जनगणनेत देशात अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात ती सुमारे २९ लाख ६३ हजार होती. याच जनगणनेत अनुसूचित जातींतले प्रमाण २.४५ टक्के निघाले, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. याचे कारण आपल्या रक्तात नाही. ते कामात आहे, कुपोषणात आहे, उशिरा मिळणाऱ्या उपचारात आहे. गटारात कोण उतरते, ऊस तोडायला कोण जाते, वीटभट्टीवर कोण राबते, खाणीत कोण असते? जी कामे माणसाचे शरीर मोडतात ती कामे जातिव्यवस्थेने कोणाला वाटून दिली, हे सांगण्याची गरज नाही.

सिकलसेलचे उदाहरण घ्या. विदर्भात अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजात या आजाराचे प्रमाण मोठे आहे. २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांच्या यादीत सिकलसेल आला, ही चांगली गोष्ट झाली. पण चार टक्के आरक्षणाच्या कलमात जे गट मोजले आहेत त्यांत सिकलसेल, थॅलसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे यादीत नाव आहे, पण जागेत वाटा नाही. आपल्या किती पुढाऱ्यांनी हा प्रश्न सभागृहात मांडला?

जात आणि अपंगत्व दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात तेव्हा कायद्याचे खण अपुरे पडतात. एप्रिल २०२१ मध्ये पतन जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे अनुसूचित जातीतील एका अंध तरुणीवरील बलात्काराचे प्रकरण होते. स्त्री, दलित आणि अंध या तिन्ही गोष्टी तिच्या बाबतीत वेगळ्या काढता येत नाहीत, असे न्यायालयाने विस्ताराने मांडले. बलात्काराची शिक्षा कायम राहिली. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची शिक्षा मात्र टिकली नाही, कारण गुन्हा तिच्या जातीमुळे झाला याचा पुरावा त्या वेळच्या कायद्याला हवा होता आणि तो नोंदीत नव्हता. विश्लेषण आपल्या बाजूने लागले आणि पुराव्यात आपण हरलो. यातून कार्यकर्त्यांनी घ्यायचा धडा साधा आहे. तक्रार लिहिताना जात आणि अपंगत्व दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी, पहिल्याच कागदावर लिहा. कोण काय बोलले, कोणासमोर बोलले, ते जसेच्या तसे लिहा.

कामाच्या ठिकाणी कोणी चारचौघांत "ए लंगड्या" म्हणून हाक मारतो. ती थट्टा नाही. सार्वजनिकरीत्या दिसेल अशा ठिकाणी अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा कलम ९२ खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ही भाषा आपल्याला ओळखीची वाटेल. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्याच घडणीतली ती आहे.

एक शब्द नावाबद्दल. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि आता तो सर्वत्र रूढ झाला. कायद्याचे आणि खात्याचे नाव म्हणून आम्हीही तो वापरतो. पण १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात आपल्याला 'हरिजन' म्हणण्यास बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरोध केला आणि सभात्याग केला, हा इतिहास आम्ही विसरू शकत नाही. देवाचे नाव दिले की हक्काचा प्रश्न मिटतो, असे व्यवस्थेला वाटत आले आहे. ज्याचा पाय गेला त्याच्या शरीरात काही दिव्य आले नाही. त्याला रॅम्प हवा आहे, पगार हवा आहे.

आता या कायद्याची उणी बाजू. कलम २० चे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे. खाजगी मालकावर समान संधीचे धोरण जाहीर करण्याचे बंधन आहे, अपंगत्वावरून भेदभाव करू नये हे कलम ३ मधले सामान्य तत्त्व आहे, आणि पाच टक्के अपंग कामगार ठेवणाऱ्याला सवलती देण्याची तरतूद आहे. पण अपघातानंतर कामगाराला ठेवलेच पाहिजे, असे खाजगी मालकाला बजावणारे कलम नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने पंधरा किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी मालकावरही वाजवी सोय करण्याचे बंधन घातले. आपण २०१६ मध्येही तिथवर पोहोचलो नाही.

आणि सरकारी नोकरी तरी कुठे राहिली आहे? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. निर्णय रद्द झाला, कंत्राटी पद्धत रद्द झाली नाही. सफाई, पहारा, वाहन, शिपाई ही चतुर्थ श्रेणीची कामे जिथे तिथे ठेकेदाराकडे गेली आहेत. ठेकेदार म्हणजे सरकारी आस्थापना नव्हे. म्हणजे त्याच कचेरीत, त्याच जिन्यावर, तेच काम करणाऱ्या दोघांचा पाय गेला तर कायम असलेल्याला अधिसंख्य पद आणि ठेक्यावरच्याला घरचा रस्ता. कंत्राटीकरणाने आपले जातीचे आरक्षण गिळले हे आपण बोलतो. अपंगाचे आरक्षण आणि अपंगाचे संरक्षणही त्याच तोंडाने गिळले, हे आपण बोलत नाही.

आमच्याच तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरींच्या संशोधनाचा प्रकल्प उभा राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. विज्ञानाचे आम्ही स्वागतच करतो. पण स्थानिक माणसाच्या वाट्याला तेथे जी कामे येतील, ती कायम पदे असतील की ठेकेदाराची? त्यांत चार टक्के मोजले जातील काय? बांधकामावर ज्याचा हात जाईल त्याला पुढे काम मिळेल काय? हे प्रश्न आजच विचारले पाहिजेत, उद्घाटनाच्या दिवशी नव्हे.

आणि शेतमजूर? सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्रात हात जातो, हे हिंगोली जिल्ह्यात कोणाला नवीन नाही. गावात पंच बसतात, मालक काही हजार रुपये हातावर ठेवतो आणि कागदावर अंगठा घेतो. येथेही पुन्हा तीच सही! १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा यंत्रावर चालणाऱ्या शेतीकामालाही लागू होता. आता नुकसानभरपाईचा विषय सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. कायद्याचे नाव बदलले, पण कामावर झालेल्या अपघाताची भरपाई ही मालकाची जबाबदारी आहे हे तत्त्व बदललेले नाही. पंचांपुढच्या अंगठ्याआधी वकिलाकडे या.

मालकाने खर्च का सोसावा, असे विचारणाऱ्यांना आम्ही १९२८ ची आठवण करून देतो. मुंबई कायदेमंडळात मातृत्व लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाचा बोजा एकट्या कामगार बाईवर टाकता येणार नाही, सरकारने आणि मालकाने तो उचलावा, ही त्यांची भूमिका होती. शरीर राबत असताना त्याचा नफा घ्यायचा आणि शरीर थकले किंवा मोडले की ते रस्त्यावर टाकायचे, हे त्यांना मान्य नव्हते. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य आणि आजारपणाच्या जोडीने अपंगत्वाचाही उल्लेख आला.

आता प्रत्यक्ष काय करायचे? कोणत्याही कोऱ्या किंवा टाईप केलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्यात राजीनाम्याची रीतच ठरलेली आहे. तो दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, आणि एक प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवायची. ही रीत न पाळता कोणी घरी येऊन सही घेत असेल तर त्याचा हेतू काय ते ओळखा. सही झालीच असेल तर त्याच दिवशी ती दबावाखाली घेतल्याचे लेखी कळवा. काढून टाकल्याचा आदेश हाती आला असेल तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला फक्त ३० दिवस असतात.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्या. रजा संपण्यापूर्वी आस्थापनेला अर्ज द्या, त्यात कलम २० पोटकलम ४ चा उल्लेख करा आणि कोणती सोय हवी ते नेमके लिहा. खालच्या मजल्यावर टेबल, बसून करायचे काम, वाचन-यंत्र, जे हवे ते. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची आहे. अधिकारी नेमलाच नसेल तर तीही एक तक्रार झाली. तेथे दाद मिळाली नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे, पुण्याला दिव्यांग आयुक्त आहेत आणि शेवटी उच्च न्यायालय आहे. पैसा नाही म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातीच्या आणि अपंग व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन एक अर्ज करायचा आहे.

आणि आपल्या संघटनांना एक विनंती. आपल्या विहारांना पायऱ्या किती आहेत ते एकदा मोजा. जयंतीच्या व्यासपीठावर कुबडी घेतलेला माणूस कसा चढेल, याचा विचार कधी केला आहे का? दुसऱ्याची वास्तू वळवायला निघालेल्यांनी आपली वास्तू आधी वळवली पाहिजे.

त्या शिपायाचे काय झाले? त्यांनी सही केली नाही. आम्ही अर्ज करून दिला. पहिल्यांदा पोच द्यायलाच नकार मिळाला, मग तो रजिस्टर पोस्टाने पाठवला. दोन महिने उत्तर नव्हते. मग निरोप आला की कामावर या. आज ते तळमजल्यावर एका टेबलाशी बसतात, आवक-जावक नोंदवही लिहितात आणि घंटेचे वेळापत्रक पाहतात. टेबल शाळेच्या अडगळीतलेच होते, संस्थेचा एक रुपयाही खर्च झाला नाही. मधल्या काळाचा पगार मात्र अजून अडकलेला आहे आणि त्यासाठी आमचे भांडण चालू आहे.

ती बाई परवा पुन्हा येऊन गेली. तो टाईप केलेला कागद अजून तिच्या पिशवीत होता, सहीची जागा तशीच मोकळी. आम्ही म्हणालो, "ताई, फाडून टाकू नका. पुरावा आहे तो." ती हसली आणि कागद पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला.

तुमच्या गावात, तुमच्या खात्यात, तुमच्या ओळखीत असा कागद कोणाच्या उशाशी पडलेला असेल, तर आजच त्याच्या घरी जा. जयभीम!